नववा फर्मा

शुक्रवार, माघ वद्य षष्ठी. जागा: आमचं माजघर, लातूर. हजर: वकिलीणबाई, आडतवाल्यांची थोरली सून, पोस्टमास्तरीणबाई, मी. गैरहजर: कोणी नाही.

ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे. वहीचं पान पिवळं पडलं, शाई मात्र पक्की निघाली. शेवटच्या तीन शब्दांखाली मी त्या दिवशी पट्टी धरून रेघसुद्धा ओढली होती. ते तीन शब्द खोटे आहेत, हे त्याच दिवशी दिवेलागणीपर्यंत मला कळलं होतं. तरी मी ते खोडले नाहीत, कारण माझ्या वहीत खाडाखोड नसते.

आधी आमची व्यवस्था सांगते. निजामाच्या अमलात चार माणसांनी एकत्र बसून काही करायचं म्हटलं की परवानगी लागायची. वाचनालय काढायचं तर अर्ज उर्दूत, सोबत पुस्तकांची यादी उर्दूत. आमच्या घरचे कचेरीत कारकून होते, त्यामुळे अशा अर्जांचं काय होतं ते मला घरबसल्या ठाऊक होतं. नकार येत नसे. काहीच येत नसे. हळदीकुंकवाला मात्र कुणाची परवानगी लागत नव्हती. शुक्रवारी कचेऱ्यांना सुट्टी, पुरुष बाजाराकडे नाहीतर पारावर गेलेले, आणि शुक्रवारचं फुटाण्यांचं हळदीकुंकू तर घरोघरी चालतंच. तेव्हा वाचनालय हळदीकुंकवात बसवायचं, ही कल्पना माझी. ती चांगली चालली म्हणून मला तिचा अभिमानही होता.

पुस्तकं सोलापूरहून येत. वकिलीणबाईंचा भाऊ तिकडे असायचा. छोट्या रेल्वेगाडीने येणाऱ्या कुणाच्या तरी गाठोड्यात तो दर महिन्याला एका पुस्तकमालेची नवी कादंबरी घालून द्यायचा. ती एकतर भुताची असे, नाहीतर गुप्तहेराची, नाहीतर अदृश्य अंजनाची आणि मंतरलेल्या महालाची. वकिलीणबाईंनी एकदा त्याला कळवलं, जरा सामाजिक काहीतरी पाठव. त्याने उत्तर दिलं, 'सामाजिक तुमच्या घरात रोज घडतंच की. ते विकत कशाला घ्यायचं?'

पुस्तक एक आणि वाचणाऱ्या चार. म्हणून पुस्तक आलं की मी त्याची शिवण उसवायची. छापखान्यात सोळा सोळा पानांचा एकेक गठ्ठा शिवलेला असतो, त्याला फर्मा म्हणतात. असे आठ-नऊ फर्मे सुटे करून प्रत्येकाला मी जाड दोऱ्याने पुन्हा टाके घालायची, वर जुन्या उर्दू अखबाराचं वेष्टन चढवायची आणि कोपऱ्यात आकडा लिहायची. पहिला फर्मा वकिलीणबाईंकडे. पुढच्या शुक्रवारी तो माझ्याकडे, त्यांना दुसरा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पहिला आडतवाल्यांच्या सुनेकडे, आणि तिच्याकडून पोस्टमास्तरीणबाईंकडे. फर्मा ओटीत जायचा. खाली फर्मा, वर फुटाण्यांची पुडी, वर खणाची घडी. घरी सासूने ओटी बघितली तरी अखबाराचा कागद फुटाण्यांचाच वाटे.

नियम चार केले होते. मागचा फर्मा परत आल्याशिवाय पुढचा मिळणार नाही. जी पुढे आहे तिने मागचीला गोष्ट सांगायची नाही. फर्म्याला हळदीचा हात लावायचा नाही. आणि जी वाचते तिचंच नाव वहीत. चौथा नियम मी कशासाठी केला ते आता आठवत नाही. तीन नियम बरे दिसत नसतील.

दर शुक्रवारी कुंकू लावून झालं की आधीच्या फर्म्यावर प्रत्येकीने मत सांगायचं, आणि मी ते टिपायचं. वकिलीणबाईंचं मत बहुतेक वेळा त्यांच्या घरच्यांचं असायचं. 'हे म्हणतात, असल्या वाचनाने मन दुबळं होतं,' असं म्हणून त्या पुढचा फर्मा मागून घ्यायच्या. आडतवाल्यांची सून निलंग्याकडची लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला आधी भस्म आणि मग कुंकू. ती मनमोकळं बोलायची. मंतरलेल्या महालाची गोष्ट वाचून म्हणाली होती, "राजपुत्र सात दर्ये वलांडून राह्यला, पर जेवला कुठं ते एका पानावर बी न्हाई. आमच्या दुकानावरचा हमाल बी जेवल्याबिगर पोतं उचलत न्हाई."

माझं मत म्हणाल तर मला गुप्तहेराच्या गोष्टी आवडत. त्यात सगळं जागच्या जागी असतं. एक गोष्ट मात्र खटकायची आणि तिच्यावर आमचं चौघींचं एकमत होतं. ह्या पुण्या-मुंबईच्या लेखकांचा चोर शेवटी कुठे पळतो, तर मोगलाईत. नदी ओलांडली, मोगलाईत शिरला, की गुप्तहेर काठावर उभा राहून पाइप पेटवतो आणि गोष्ट संपते. मोगलाई म्हणजे आम्ही. आम्ही ह्या बाजूला बसून तेच पुस्तक फुटाण्यांखाली दडवून वाचतो आहोत हे त्या लेखकांच्या गावीही नव्हतं. वकिलीणबाई चिडून म्हणायच्या, "आपल्याकडे काय नुसते चोरच येऊन राहतात का?" आणि सून म्हणायची, "येऊ द्या की. ठाण्याचे आमीन साहेब त्याच्याकडून बी हप्ता घेतील."

पण खरी मतं यायची ती पोस्टमास्तरीणबाईंची. ह्या बाई गोऱ्या, ठेंगण्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांचं बिऱ्हाड टपालकचेरीच्या वरच्या मजल्यावर. त्या मत सांगायच्या तेव्हा भिंतीकडे बघत, पाठ केलेलं म्हटल्यासारखं भरभर सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "गुप्तहेर चिखलातल्या पावलावरून माणसाची उंची सांगतो, पण स्वैपाकघरात एकदाही डोकावत नाही. घरात काय चाललंय ते जिला ठाऊक आहे तिला विचारलं असतं तर दुसऱ्या फर्म्यात चोर सापडला असता." एवढं बोलून त्यांनी फुटाणे तोंडात टाकले. मी टाक खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. मी एवढ्या गोष्टी वाचल्या होत्या, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांच्या घरी फर्मे सगळ्यांत स्वच्छ राहायचे. आमच्या तिघींकडे फर्म्यांवर हळदीची नाहीतर तेलाची बोटं उमटायचीच. त्यांच्या घरून एक डाग वाढून येत नसे. मी चौघींच्या देखत दोनदा त्यांची तारीफ केली. दोन्ही वेळा त्या अवघडल्या. मला तो विनय वाटला.

माघात संपत आलेली कादंबरी भुताची होती आणि गुप्तहेराचीही. सोलापूरकडचं एक गाव, सावकाराच्या घरची दागिन्यांची पेटी गेलेली, आणि पडक्या देवळामागच्या विहिरीवर दिसणारी, विधवेच्या लाल आलवणातली बाई. तिला बघून दोन माणसं धसक्याने मेली. मग मुंबईहून गुप्तहेर आला. आठव्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर तो विहिरीआड लपून बसतो, बाई येते, कठड्याशी उभी राहते आणि तोंडावरचा पदर बाजूला करते. गुप्तहेर जागच्या जागी थिजतो. तिथे आठवा संपतो.

पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापील विनंती होती: वाचकांनी अभिप्राय पाठवावेत, निवडक अभिप्राय मालेत छापू. मला वाटलं, पाठवावेत. मोगलाईतही माणसं वाचतात, मतं ठेवतात, हे तिकडे एकदा कळू दे. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या टिपणावरून चालणार नाही, प्रत्येकीने आपल्या हाताने लिहायचं आणि खाली सही करायची. वकिलीणबाईंनी तिथेच सहा ओळी लिहिल्या. सुनेने तीन. पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "मी घरून लिहून आणते."

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे वर नोंद दिलेल्या शुक्रवारी, त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडून तीन पानं काढली. मोत्यासारखं अक्षर, ओळी सरळ, समास सोडलेला. सोबत आठवा फर्मा परत आणला होता. नववा, म्हणजे शेवटचा, त्याच दिवशी सुनेने मला परत केला होता आणि तो माझ्या मांडीवर होता. आता एवढाच एक फर्मा एवढ्या एकाच घरी जायचा राहिला होता.

मी पानं उलटून शेवट बघितला. सही नव्हती.

"सही राहिली," मी म्हटलं आणि टाक पुढे केला.

त्यांनी टाक धरला. कलथा धरतात तसा धरला. "आज डोळ्याला पाणी येऊन राहिलंय. घरून करून आणते."

"दोन अक्षरं तर करायची. तीन पानं लिहिलीत ना?"

"आवो, माझा चष्मा घ्या," सून हसत म्हणाली. तिला काही कळलेलं नव्हतं.

पोस्टमास्तरीणबाईंनी टाक दौतीत बुडवला, बाहेर काढला, पुन्हा बुडवला. शाईचा थेंब चटईवर पडला. मग त्यांनी टाक दौतीच्या कडेला ठेवून दिला.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. "लिहायला नाही आणि वाचायलाही नाही. वन्सं वाचतात. मी पोळ्या लाटत असते तेव्हा त्या चुलीशी बसून मला वाचून दाखवतात, आणि शुक्रवारी काय सांगायचं ते पण सांगून देतात."

त्यांची नणंद, पोस्टमास्तरांची बहीण, त्यांच्याकडे असते हे आम्हाला माहीत होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला, केस काढले, सासरच्यांनी भावाकडे आणून सोडलं. ती कुणाकडे जात नसे, आणि आम्ही तिला कधी बघितलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला ती येण्याचा प्रश्नच नव्हता.

वकिलीणबाई हातातली वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुमच्या ओटीतून जे फर्मे इथे परत आले, ते त्यांच्या हातचे?"

"पुस्तकाला काय सुतक असतंय का, वकिलीणबाई?" सून म्हणाली. "आमच्यात असलं न्हाई बगत. पुढल्या शुक्रवारी त्यांनाच आणा की. लई डोक्याच्या दिसत्यात."

"हळदीकुंकवाला आणायचं?" वकिलीणबाईंनी विचारलं.

मला ओटीचं काही वाटलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझा राग वेगळाच होता, आणि तो जास्त वाईट होता. माझी वही खोटी ठरली होती. इतक्या शुक्रवारांची हजेरी, इतकी मतं, सगळी भलत्याच नावावर चढली होती. मी सरळ चौथ्या नियमावर बोट ठेवलं. पोस्टमास्तरीणबाईंच्या नावापुढे त्यांच्यासमोरच लिहिलं: वाचक नाही. आणि मांडीवरचा नववा फर्मा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "वही तुमची तुम्ही ठेवा," त्या म्हणाल्या. "तो नववा तेवढा द्या. वन्सं दोन दिवस झाले विचारून राहिल्यात, बाई जिवंत आहे का मेलेली. सकाळपासून दोनदा विचारलं. सोमवारच्या आत परत आणून देते."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं.

त्या फुटाणे न घेता गेल्या. सून जाताना उंबऱ्यात थांबली. "काकू, एका फर्म्यानं तुमचं काय जात हुतं?" मी तिला सांगितलं की प्रश्न फर्म्याचा नसून शिस्तीचा आहे. ती पायात वहाणा घालत म्हणाली, "हाव. असंल."

दिवा लावायच्या आधी मी ती तीन पानं वाचली. आधी वाचायला हवी होती. मी सही बघत होते.

त्यातलं थोडं उतरवते. तिने लिहिलं होतं: 'भुताच्या सहा गोष्टी वाचल्या. त्यांतल्या चार गोष्टींत आलवणातली बाई विहिरीवर उभी आहे. ती काय करते? उभी राहते. बघणारे आपोआप मरतात. मी रोज पहाटे विहिरीवर उभी राहते. अजून कुणी मेलं नाही. लेखकांनी एकदा पहाटे उठून खात्री करून घ्यावी.'

पुढे अंजनाच्या गोष्टींविषयी: 'अदृश्य व्हायला राजपुत्र बारा वर्षं तप करतो. अदृश्य झाल्यावर मात्र त्याला दुसऱ्यांच्या गुजगोष्टी ऐकण्यापलीकडे काही सुचत नाही. त्याला भूक लागते, कुणी वाढत नाही, त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलतात, हे कुठेच आलेलं नाही. लेखक स्वतः कधी अदृश्य झालेले दिसत नाहीत.'

आणि शेवटी: 'चालू कादंबरीविषयी माझं मत ठरायचं आहे. बाईने पदर बाजूला केला आणि आठवा फर्मा संपला. ती जिवंत बाई निघाली, तिला विहिरीवर काहीतरी काम असलं, तर ह्या लेखकाचे मागचे सगळे अपराध मी पोटात घालीन. भूत निघाली तर त्याची गोष्ट पुन्हा हातात धरणार नाही. नववा वाचून एक वाक्य लिहायचं आहे. त्यासाठी खाली जागा सोडली आहे.'

खाली चार बोटं कोरी जागा होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. टपालकचेरीला मागच्या बाजूने जिना होता. मी भाजी आणायला त्याच रस्त्याने जात असे. फर्मा पिशवीत घालून दोनदा तिथवर गेलेसुद्धा. खाली खिडकीत पोस्टमास्तर बसलेले, वर जाताना त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? त्यांना कादंबऱ्यांचा तिटकारा, घरात फर्मे येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे मी स्वतःला दिलेलं कारण. पण खरं असं, की मी वाट बघत होते. पुढच्या शुक्रवारी पोस्टमास्तरीणबाई येतील, जरा नमतं घेतील, मग मी मोठ्या मनाने कपाट उघडीन. त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी आल्या नाहीत. मग कळलं की पोस्टमास्तरांची नांदेडला बदली झाली आणि बिऱ्हाड हललंसुद्धा.

टपालाने पाठवायची सोय नव्हती. पत्ता पोस्टमास्तरांचा, पाकीट फोडणारे पोस्टमास्तर.

अभिप्राय आम्ही तिघींचे पाठवले. तिचा अपुरा होता, बिनसहीचा होता, म्हणून वगळला. मालेच्या पुढच्या एका पुस्तकात एक ओळ छापून आली: मोगलाईतील भगिनीही आमची माला वाचतात हे कळून आनंद वाटला. आमच्या मतांपैकी एक अक्षर छापलं नव्हतं. वकिलीणबाईंनी ती ओळ घरी सगळ्यांना दाखवली. आमचा शुक्रवार त्यानंतर दोन-तीन महिन्यांत बंद पडला. मत काय द्यायचं तेच सुचेना. तिघी आळीपाळीने 'बरी होती' म्हणायचो आणि फुटाणे खायचो.

वर्षाने पुतणीच्या बाळाचं बारसं नांदेडला निघालं. मी नववा फर्मा आणि ती तीन पानं एका पिशवीत घातली आणि मोटारीने अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेले. बारसं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तरांचं घर शोधून काढलं. ते कचेरीत असतील अशी वेळ धरून गेले होते. नेमका त्यांच्याकडे चैत्रगौरीचा दिवस निघाला. बाहेरच्या खोलीत आरास, डाळ, पन्हं आणि आठ-दहा बायका.

पोस्टमास्तरीणबाईंनी मला बघितलं आणि घडीभर हात थांबला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "या, बसा." मला हळदीकुंकू लावलं, डाळ दिली, हरभऱ्यांनी ओटी भरली. एक रीत चुकू दिली नाही.

बायका पांगेपर्यंत मी बसून राहिले. मग विचारलं, "वन्सं आहेत ना?"

"आहेत की. कुठं जातील?"

"जरा भेटता आलं असतं."

"सोवळ्यात आहेत."

मी पिशवीतून अखबाराचं वेष्टन असलेला फर्मा काढला. कोपऱ्यात माझ्या हातचा नऊचा आकडा होता. "हा एवढा त्यांना द्याल?"

त्यांनी फर्म्याकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. "आमच्या घरी वाचणारं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत तसं लिहिलंय ना?"

आतून भांडं सरकवल्याचा आवाज आला. एका बाईचा आवाज म्हणाला, "वहिनी, पन्हं आणखी लागेल का?" स्वच्छ, ठाशीव आवाज. अक्षरासारखाच.

"नको," पोस्टमास्तरीणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "झालं सगळं."

मी बाहेर आले. मोटारीला वेळ होता. घराला वळसा घालून मागच्या बोळात गेले, तिथे परसाची बुटकी भिंत होती आणि भिंतीपलीकडे आड. आडाशी लाल आलवणातली एक बाई बादली ओढत होती. माझ्याएवढीच असेल, कदाचित लहान. तिने बादली कठड्यावर टेकवली आणि वर बघितलं. आमच्यात दहा हातांचं अंतर होतं. कपाळावर ओलं कुंकू, ओटीत हरभरे, हातात पिशवी, प्रवासाला निघालेली सवाष्ण, असं तिला दिसलं असेल.

माझी मान वळली.

ठरवून वळवली नाही. लहानपणापासून घरातून निघताना आलवण समोर आलं की मान वळवायला शिकवलेलं, ती वळली. पुन्हा तिकडे बघितलं तेव्हा कठड्यावर बादली होती आणि बाई नव्हती. निघालेल्या माणसाला आपला अपशकुन नको म्हणून ती दाराआड सरकली होती. तिलाही ते तसंच शिकवलेलं. मी नाव घेऊन हाक मारू शकत नव्हते, कारण तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. भिंतीवर फर्मा ठेवून यावं असं एकदा मनात आलं. वारा होता. मी मोटार गाठली.

नवव्या फर्म्यात काय आहे ते इतर कुणाला जाणून घ्यायची गरज नाही, पण सांगते. विहिरीवरची बाई भूत नव्हती. बाईही नव्हती. तो सावकाराचा दिवाणजी होता. पेटी त्यानेच चोरली होती, ती त्या विहिरीत दडवली होती, आणि डोकं भादरून, आलवण नेसून तो रोज एकेक दागिना काढून नेत होता. आलवणातल्या बाईच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, ही त्याची युक्ती. गुप्तहेर सावरेपर्यंत तो त्याच वेषात नदी उतरून मोगलाईत पळाला, वाटेत त्याला कुणी हटकलं नाही. गुप्तहेराने काठावर पाइप पेटवला. तिने विचारलं होतं, जिवंत का मेलेली. लेखकाने ह्या दोहोंपैकी काही दिलं नव्हतं. त्याला आलवण तेवढं हवं होतं.

हा फर्मा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा काय लिहिलं तेही त्या वहीत आहे: 'शेवट अनपेक्षित. कल्पना उत्तम साधली.' आता मी असल्या गोष्टी वाचत नाही. भुतांच्या नाही, गुप्तहेरांच्या नाही. माणसं उगीच म्हणतात की वय झालं की आवड बदलते. आवड अजून तीच आहे. पण पदर बाजूला होतो त्या पानावर मी थांबते आणि पुस्तक मिटून ठेवते.

नांदेडहून परतल्यावर पुन्हा जायचं ठरवलं होतं. मग रझाकारांचे दिवस आले, आम्ही सामान बांधून बार्शीकडे गेलो, पोलीस ॲक्शननंतर परत आलो. कपाटातली भांडी गेली होती, फर्मे होते. चौकशी केली तेव्हा कुणी सांगितलं की पोस्टमास्तरांना मधुमेहाने गाठलं, नोकरी सोडून ते भोकरकडे आपल्या गावी गेले, बहीण बरोबर आहे. त्यालाही आता काही वर्षं झाली. भोकर काही विलायतेत नाही. आडतवाल्यांच्या सुनेचा माल भोकरच्या बाजारात जातो. गेल्या दिवाळीत तिने स्वतः विचारलं, "काकू, आमची गाडी जाऊन राह्यली. देऊ का पाठवून तुमचा तो फर्मा?" मी म्हटलं, नको, मी स्वतः जाईन, हातात देईन. तिने मला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दर महिन्याला मी कामांची नवी यादी करते. जुन्या पानावर राहिलेलं नव्या पानावर उतरवते आणि जुनं पान फाडते. ह्या महिन्याचं पान आज केलं. पिंजाऱ्याला गाद्या दाखवणे. कोठीच्या खोलीचं कुलूप बदलणे. पुतणीला पत्र. चौथ्या ओळीवर, प्रत्येक महिन्याला असतं तसंच: नववा फर्मा आणि तिची तीन पानं भोकरला नेऊन हातात देणे, नाव विचारणे, शेवटचं वाक्य लिहून घेणे. पहिल्या तीन कामांचं बघते ह्या आठवड्यात.